पहिलीत जाणाऱ्या मुलाची तयारी: बटणं, डबा, भाषा आणि दाखले

एप्रिल लागला की सोलापुरात दुकानांबाहेर दप्तरं लटकायला लागतात आणि पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या घरी पाटी-पेन्सिलीची शिकवणी सुरू होते. बाराखडी पाठ, शंभरपर्यंत आकडे पाठ, दोन इंग्रजी कविता पाठ. आणि जूनच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी हेच मूल ओल्या चड्डीत घरी येतं, कारण पट्ट्याचं बक्कल निघालं नाही.

अक्षरं शिकवायला शाळा आहेच. बक्कल काढून द्यायला तिथे कोणी रिकामं नसतं. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवलं आहे. पाच तासांची शाळा धरली तर एका मुलाच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, तीही शिकवणं पूर्ण बंद ठेवलं तर. म्हणून तयारीचा हिशेब उलट्या बाजूने मांडावा. सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत मुलाच्या कोणकोणत्या कामाला मोठ्यांचा हात लागतो, हे दोन दिवस मध्ये न बोलता बघायचं आणि कागदावर लिहून काढायचं. ती यादी हाच सुट्टीतला अभ्यास.

त्याआधी वयाचं बघून घ्या. राज्य मंडळाच्या शाळांत पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. केंद्रीय विद्यालयात हीच तारीख ३१ मार्च आहे. म्हणजे राज्य मंडळाच्या वर्गात डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचं असतं आणि शेजारी बसलेलं साडेसहाचं असू शकतं. या वयात एक वर्ष फार मोठं. नियमात बसतंय म्हणून घालायचंच, असं काही नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलाला अजून शूचं वेळेवर सांगता येत नसेल, दहा मिनिटं एका जागी बसवत नसेल, तर बालवाडीत आणखी एक वर्ष काढलेलं बरं. 'वर्ष वाया गेलं' असं म्हणणारे नातेवाईक चौथीपर्यंत ते विसरलेले असतात.

आता ती यादी. सगळ्यात वर संडास-लघवी असते, आणि मुलं सगळ्यात जास्त अडतात तीही इथेच. घरी कमोड असेल तर शाळेतल्या भारतीय बैठकीवर मूल बसायलाच घाबरतं, खड्ड्यात पडेन असं त्याला वाटतं. सुट्टीत गावाला किंवा नातेवाइकांकडे अशी बैठक असेल तिथे सवय करून घ्या: पाय कुठे ठेवायचे, कपडे किती वर धरायचे, पाणी कोणत्या हाताने घ्यायचं. स्वतःची शी स्वतः धुणं हे कौशल्य यायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही. दुसरी अडचण नळाची. आपल्याकडे पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. पुष्कळ घरांत ते पिंपात भरून तांब्याने घ्यायची पद्धत असते, त्यामुळे फिरवायचा नळ मुलाने कधी स्वतः उघडलेला-बंद केलेला नसतो. शाळेत तोटी घट्ट असते, हात निसटतो, मग हात धुणंच राहून जातं. पाणी येईल त्या दिवशी नळाचं काम मुलाकडे द्या.

कपड्यांचा नियम एकच: पट्टा नको, हुक नको, कमरेला इलॅस्टिक. गणवेश शिवून घेत असाल तर शिंप्याला शर्टाची काजं थोडी मोठी ठेवायला सांगा. नव्या कापडाची खळ काजांत कडक बसलेली असते, म्हणून गणवेश दोनदा धुऊनच सरावाला घ्या. बटणं खालून वर लावायला शिकवा, म्हणजे एक काज चुकून शर्ट तिरका होत नाही. बूट वेल्क्रोचे घ्या. नाडी बांधणं हे सात-आठ वर्षांचं काम आहे, त्याची घाई नको. बूट घेताना मुलाला उभं करून अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा ठेवा. 'पुढच्या वर्षीही चालतील' म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले बूट प्रार्थनेच्या रांगेत पायातून निघतात. डावा-उजवा कळावा म्हणून दोन्ही बुटांच्या आत, एकमेकांना चिकटणाऱ्या कडेला, मार्करने अर्धा-अर्धा गोल काढा. बूट बरोबर ठेवले की गोल पूर्ण होतो.

छत्री-रेनकोटवर मात्र सोलापूरकरांनी फार खर्च करू नये. आपल्याकडे जूनचा पाऊस बेभरवशाचा, खरा जोर सप्टेंबरात. शाळा सुरू होताना उन्हाची तलखी संपलेली नसते. टोपी, सुती मोजे आणि पाणी यांचंच काम जास्त पडतं.

दप्तराचं वजन घरी नुसत्या अंदाजाने ठरवू नका, किराणा दुकानातल्या काट्यावर टाकून बघा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो ही मर्यादा आहे आणि ढोबळ नियम मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा. मूल अठरा किलोचं असेल तर १.८ किलो. आता बेरीज करा. कार्टूनवालं जाड दप्तर रिकामंच ७०० ते ८०० ग्रॅम भरतं. अर्ध्या लिटरची भरलेली प्लॅस्टिकची बाटली ६०० ग्रॅमच्या आसपास, स्टीलची त्याहून जड. भरलेला डबा ३०० ग्रॅम. पुस्तक घालायच्या आधीच मर्यादा जवळजवळ संपली! म्हणून ४०० ग्रॅमच्या आतलं साधं कापडी दप्तर आणि हलकी बाटली घ्या. दोन्ही पट्टे रुंद हवेत, आणि दप्तराचा तळ कमरेखाली लोंबता कामा नये. याच धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठ नको असंही म्हटलं आहे. रोज चार वह्या घरी येत असतील तर पालकसभेत हे आठवणीने काढावं.

डबा ही मुलाच्या दृष्टीने शाळेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. दुकानातच मुलाच्या हातात देऊन त्याला तीनदा उघडायला आणि बंद करायला लावा. चार बाजूंनी खटके असलेले हवाबंद डबे मोठ्यांनाही जड जातात. बाटलीचंही तसंच. छोट्या सुट्टीत खायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली चार हात धुण्यात जातात. घरी गोष्टी सांगत, मागे फिरत पाऊण तास भरवण्याची सवय असेल तर मूल शाळेत उपाशीच राहणार. मे महिन्यापासून रोज एक खाणं ठरलेल्या वेळेला, खाली बसून, त्याच डब्यात, कोणी न भरवता होऊ द्या. उरलं तर उरू द्या.

डब्यात काय घालायचं, ते ऊन बघून ठरवावं. गरम भाकरी डब्यात घालून झाकण लावलं की वाफेने खालून चिकट होते आणि वरून दुपारपर्यंत कडक. निववून, तूप लावून, चतकोर करून सुती रुमालात गुंडाळली तर बरी राहते. कडक भाकरी दप्तरात चुरा होऊन वह्यांत मिसळते, ती घरीच खावी. शेंगाचटणी सुटी दिली तर निम्मी सांडते. ती तेला-तुपात कालवून पोळीला लावा आणि गुंडाळी करून अर्धी कापा. धपाटे, दशम्या, थालीपीठ टिकतात. दहीभात दुपारपर्यंत आंबतो. भात दुधात कालवून वर चमचाभर दही घातलं तर डबा उघडेपर्यंत तो बरोबर लागतो. ओल्या खोबऱ्याची चटणी जूनमध्ये नको. महापालिका, जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत पोषण आहार मिळतो. तिथे खिचडी असते, पण चमचा असेलच असं नाही. पातळसर, गरम भात स्वतःच्या हाताने न सांडता खाण्याचा सराव लागतो, आणि तो चमच्याने भरवल्या गेलेल्या मुलाला नसतो.

झोपेचं गणित सरळ आहे, पण सुरुवात वेळेवर हवी. सहा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. मे महिन्यात गच्चीवर गार वारं सुटेपर्यंत, म्हणजे अकरा-साडेअकरापर्यंत, मुलं जागी असतात. झोपायची वेळ दीड तास अलीकडे आणायची आहे असं धरा. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं या चालीने सहा टप्पे, म्हणजे अठरा दिवस होतात. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होत असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात लागायला हवं. सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करा, झोपण्याची वेळ मागोमाग येते. आधी लवकर झोपवायला गेलात तर अंधारात तासभर नुसती वादावादी होते. दुपारची झोप तीननंतर नको. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलं आहे, तरी आपल्या शाळेचं सत्र नेमकं कितीचं, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या. सकाळी उठल्यापासून निघेपर्यंत सव्वा तास हातात ठेवा. शी घरीच व्हायला हवी, आणि त्यासाठी कोमट पाणी, थोडं खाणं आणि पंधरा निवांत मिनिटं लागतात. घाईत पेलाभर दूध पाजून रिक्षात बसवलं की आसरा चौकापर्यंत पोचायच्या आत ते बाहेर येतं.

भाषेचं मात्र सोलापुरात वेगळं बघावं लागतं. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, कुठे दखनी उर्दू. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमातही आहेत, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण घरी तेलुगू आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी अशी अवस्था असलेली मुलं भरपूर. त्यांच्यासाठी घरची भाषा बंद करून तुटक मराठी बोलत राहण्याचा उपाय काही घरांत करतात, तो चुकीचा. मुलाची समज घरच्या भाषेतच पक्की होते, गोष्टी त्याच भाषेत सांगा. शाळेच्या भाषेतली पंधरा-वीस वाक्यं मात्र तोंडात बसवा. 'बाई, शूला जाऊ?' 'पाणी पाहिजे.' 'पोट दुखतंय.' 'डबा उघडत नाही.' 'हा मला मारतोय.' 'मला समजलं नाही, परत सांगा.' 'माझी पेन्सिल हरवली.' 'माझं नाव अमुक, मी अमुक ठिकाणी राहतो.' यातलं 'समजलं नाही' हे सगळ्यात अवघड, कारण घरी ते म्हणायची वेळच येत नाही. आईने मुद्दाम अर्धवट सूचना द्यायची आणि मुलाने ते वाक्य म्हणायचं, असा खेळ करता येतो. बसा, उभे राहा, रांग करा, वही काढा, बोट ठेवा, पान उलटा ही आज्ञार्थी क्रियापदंही खेळातच कानावरून जाऊ द्या. पुढे एकदम तीन सूचना: 'दप्तर ठेव, हात धू आणि सतरंजीवर बस.' वर्गात मागे राहणारं मूल पुष्कळदा बुद्धीने कमी नसतं, दुसरी सूचना ऐकेपर्यंत तिसरी त्याच्या हातून निसटलेली असते.

लिहिण्याआधी बोटं तयार व्हावी लागतात, आणि त्यासाठी बाजारातल्या महागड्या किटची गरज नाही. शेंगा फोडणं, वाती वळणं, कणकेचे गोळे करणं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं, जुना कागद बोटांच्या चिमटीत धरून पट्ट्या फाडणं, बोथट कात्रीने त्या कापणं. रोज वीस मिनिटं पुरे. रंगकाम करताना खडू मोडून तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे द्या. लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट कामाला लागतात. अख्खी बारीक पेन्सिल आधी दिली की मूठ वळते, आणि ती सवय मोडायला पुढे वर्ष जातं. रेषांचा क्रम उभी, आडवी, गोल, मग तिरपी असा ठेवा. आधी जमिनीवर खडूने मोठी, मग पाटीवर, शेवटी कागदावर. मूल डावरं असेल तर हात बदलायला लावू नका. कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा आणि बाईंना सांगून बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी भांडण होत नाही. पाटीवरची पेन्सिल चोरून खायची सवय असेल तर ओरडून ती जात नाही. माती, खडू, पेन्सिल खाणाऱ्या मुलांत लोह कमी असण्याची शक्यता असते, डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन बघून घ्या.

अक्षरांत एवढंच यावं: स्वतःचं नाव दप्तरावर, बाटलीवर ओळखता येणं, आणि 'क'ने सुरू होणारे चार शब्द तोंडी सांगता येणं. बाकी ओळखीच्या वस्तूंची नावं, बडबडगीतं, गोष्ट ऐकून तिचा शेवट सांगणं. आकड्यांची खरी परीक्षा पाठांतरात होत नाही. समोर चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि 'मला सात दे' म्हणा. शंभरपर्यंत म्हणणारी कितीतरी मुलं सातवर थांबत नाहीत, मोजत पुढे जातात. सातवर थांबता आलं की मोजणं आलं. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षण संस्थेचा २०२१ मधला 'विद्याप्रवेश' कार्यक्रम पहिलीच्या सुरुवातीच्या बारा आठवड्यांसाठीच आहे आणि तो पूर्ण खेळांचा आहे. ज्या खासगी शाळा प्रवेशासाठी मुलाची मुलाखत घेतात, त्यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार ती मुभा नाही.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारी मेळावे होतात, एक एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा शाळा सुरू होताना. नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांशी बोलणं अशी टेबलं मांडलेली असतात, मुलाचं एक कार्ड भरून देतात. पहिल्या मेळाव्यात जे जमलं नाही ते दुसऱ्यापर्यंत घरी करून घ्यायचं, असा त्याचा हेतू आहे. 'नुसता ढोल-लेझीमचा कार्यक्रम' म्हणून न जाणारे पालक फुकटचं मार्गदर्शन गमावतात. मुलाला शाळेचं आवार, संडास आणि बाई आधीच दिसतात, हा फायदा वेगळाच.

तब्येतीच्या तीन गोष्टी मे संपायच्या आत उरका. पाच ते सहा वर्षांदरम्यानचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) दुसरा बूस्टर डोस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. हात दुखतो, एखादा दिवस ताप येतो, म्हणून शाळेच्या आठवड्यात नको. डोळे तपासून घ्या. घरी एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर दाखवा. एका विशिष्ट डोळ्यावर हात ठेवला की मूल कुरकुर करत असेल तर दुसऱ्या डोळ्याला कमी दिसतंय. तिसरं दात. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे नवी दाढ येते, कोणताही दुधाचा दात पडल्याशिवाय. तिला दुधाचीच समजून किडू देतात, आणि ती आयुष्यभराची असते. उवांची फणी आणून ठेवा, जुलैत लागतेच.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण इथली चूक दहावीनंतर वसूल होते. जन्मदाखला, आधार, फोटो, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. मूल पाच वर्षांचं झालं की बाल आधारवर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करावी लागते, पाच ते सात वर्षांच्या दरम्यान ती मोफत होते. प्रवेशाच्या दिवशी शाळेच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, जे नाव, जन्मतारीख आणि जात-पोटजात लिहिली जाते, तीच पुढे दाखल्यावर येते, आणि नंतर दुरुस्ती करायची तर प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातो. आपल्याकडची तेलुगू-कन्नड आडनावं देवनागरीत दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात. येमूल की येमुल, हे वडिलांच्या दाखल्यावरून ठरवा आणि जन्मदाखला, आधार, रजिस्टर तिन्हीकडे तेच ठेवा. जातीचा रकाना वडिलांच्या दाखल्यातल्या शब्दांतच भरा, पोटजात गाळू नका. अर्ज भरून परत देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हेही कायद्यातच आहे.

रिक्षा लावणार असाल तर किती मुलं बसतात, हे रिक्षावाल्या काकांना न विचारता शाळा सुटताना उभं राहून स्वतः बघा. चालकाशेजारी पुढे मूल बसत असेल तर ती रिक्षा नको. मुलाला काकांचं नाव आणि घरचा एक मोबाइल नंबर पाठ हवा. नंबर गाण्यासारखा दोन-दोन आकड्यांनी म्हटला की आठवड्यात बसतो.

पहिल्या दिवशी निरोप छोटा ठेवा. 'डबा खाऊन, खेळून झालं की मी फाटकाशी असेन' एवढं सांगा आणि निघा. 'एक वाजता येते' याचा सहा वर्षांच्या मुलाला काही बोध होत नाही. नजर चुकवून पळून गेलात तर दुसऱ्या दिवसापासून मूल तुमचा हातच सोडणार नाही. खिडकीतून डोकावत थांबणारी आजी हा रडं लांबवण्याचा हमखास उपाय. आणि 'थांब, शाळेत बाई तुला सरळ करतील' हे वाक्य मे महिन्यात घरात कोणीही, अगदी चेष्टेतही, उच्चारायचं नाही.

पहिल्या आठवड्यात हसत गेलेलं मूल दुसऱ्या सोमवारी अडून बसतं. नवलाई संपली आणि हे रोजचंच आहे हे त्याला कळलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या सोमवारी घरी ठेवलंत तर मंगळवार जास्त जड जातो. शाळेतून आल्यावर 'काय शिकवलं?' असं विचारलं तर 'काही नाही' हेच उत्तर मिळतं, त्यापेक्षा डबा आणि बाटली बघा. बाटली रोज भरलेलीच परत येत असेल तर मूल संडासला जायला नको म्हणून पाणी पीत नाही, असं समजा आणि बाईंशी बोला. चार आठवड्यांनंतरही पोटदुखी फक्त शाळेच्या सकाळी होत असेल आणि रविवारी नसेल, तर मुलावर नाटकाचा आरोप करण्याआधी संडास, रिक्षा, शेजारी बसणारं मूल आणि डोळे, या क्रमाने एकेक तपासा.